पर्लमावशीने हॉल घेतला नाही

पर्लमावशीला लोट्टो लागलाय आणि ती कुणाला सांगत नाही.

इस्राएलातल्या किर्यात गातला आमच्या बिल्डिंगीत, समोरच्या बिल्डिंगीत आणि मधल्या कचऱ्याच्या डब्यांपाशी हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. सिगारेट-पेपरवाला उझी लोट्टोची तिकिटं विकतो, म्हणून स्वतःला या विषयातला प्रोफेसर समजतो. तो काउंटरवर कोपर टेकायचा, आवाज पोटात न्यायचा आणि म्हणायचा, “ऐक. एक, सगळे आकडे बरोबर. दोन, टॅक्स कापून. तीन, मी तुला काही सांगितलेलं नाही.” केस कापणारी येहुदित कात्री हवेत धरून थांबायची, गिऱ्हाईकाचा अर्धा भांग तसाच. “मी कुणाच्या पैशात नाक घालत नाही, हं. पण गिरणीत कापड तपासणारी बाई कर्ज न काढता फ्लॅट घेते? आणि पोरीचं लग्न सिनेगॉगच्या अंगणात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर? माझी सख्खी असती ना, तर बोलले असते.” सख्खी नव्हती तरी ती बोलतच होती. तिसऱ्या मजल्यावरची जॉर्जियाहून आलेली म्हातारी काहीच बोलायची नाही. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायची आणि भुवया केसांपर्यंत न्यायची.

आता खरं सांगते. पर्लमावशी जन्मात एकदाही लोट्टो खेळलेली नाही. उझीकडून ती काडेपेटी आणि शब्बाथच्या मेणबत्त्या घेते, आणि मेणबत्तीच्या पाकिटातसुद्धा एखादी तुटकी आहे का ते तिथल्या तिथे उघडून बघते. फ्लॅट घेतला हे खरं आहे. लग्न अंगणात लावलं हेही खरं आहे. मधली गोष्ट मात्र उझीला माहीत नाही.

ती गोष्ट भायखळ्यापासून सुरू होते. मावशीचे वडील, म्हणजे माझे बेंजामिन आजोबा, तिथे एका खोलीत तीस वर्षं भाडेकरू होते. खोली पागडीची. सोडताना पागडीतला वाटा मिळतो हे चाळीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. आजोबा सहकुटुंब इस्राएलला निघाले आणि त्यांनी काय केलं? घरमालकाला पेढ्यांचा पुडा नेऊन दिला, वर खोलीची किल्ली ठेवली आणि हात जोडले. मी आजोबांना पाहिलेलं नाही. पण मावशी त्यांची नक्कल करते आणि मी मावशीची करते, म्हणून ते मला चांगले पाठ आहेत: मान जराशी वर, डोळे मिटलेले, आवाज अगदी मऊ. “शेटजी, देवाच्या देशात चाललो. तिथे जाताना खोलीचे पैसे कसले मागायचे?” शेटजींनी पेढे घेतले आणि किल्लीही घेतली.

हे १९६९ सालचं. इथे उतरल्यावर सरकारी बाईने त्यांना किर्यात गातच्या घराची किल्ली दिली. तळमजला, अडीच खोल्या. आजोबांनी किल्लीचं चुंबन घेतलं. त्यांना वाटलं, घर मिळालं. महिन्याने दाराखालून एक कागद आत आला. हिब्रू कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून आजीने तो शुभ समजून कपाटात जपून ठेवला. तसे तीन कागद जमल्यावर एक माणूस आला. मग कळलं की घर भाड्याचं आहे आणि तीन महिन्यांचं भाडं थकलंय.

तेव्हा पर्लमावशी एकोणीस वर्षांची होती. थकलेलं भाडं फेडायला म्हणून ती गिरणीत लागली. काम असं की उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं, त्यात तुटलेला धागा शोधायचा आणि सुईने असा भरायचा की सुटाचं गिऱ्हाईक सात जन्मांत ओळखणार नाही. ती तिथेच राहिली. मेनाशेकाकांशी लग्न झालं. ते नगरपालिकेचे माळी, चौकातल्या फुलांना पाणी घालतात आणि जुनी गाणी गुणगुणतात. आजी-आजोबा गेले. घर मावशीच्या नावे झालं, म्हणजे भाडं मावशीच्या नावे झालं. आजोबा शेवटी आजारी असताना भिंतीवर हात ठेवून विचारायचे, “पर्ल, हे आपलं झालं का गो?” आणि ती म्हणायची, “होतंय, बाबा.”

गिरणीत युनियनने एक गोष्ट मिळवली होती: केरेन. पगारातून थोडं आपलं कापतात, मालक त्यात जास्त घालतो, सहा वर्षांनी सगळं काढता येतं आणि टॅक्स नाही. सहा वर्षं झाली की गिरणीत सण असायचा. एकीने सुबारू गाडी घेतली. एक जण बायकोला घेऊन तुर्कस्तानात अंताल्याला गेला आणि तिथून आणलेला हुक्का महिनाभर जेवणाच्या सुट्टीत दाखवत फिरला. मावशीची सहा वर्षं झाली तेव्हा बँकेतल्या माणसाचा फोन आला. त्याला मी ऐकलंय. तो नाकातून बोलतो, बाईसाहेब म्हणायचं तर गिवेरेत म्हणतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतो. “गिवेरेत पर्ल, पैसे तुमची वाट बघताहेत, हेहे. बैठकीची खोली नवी करा, हेहे.”

“त्यांना म्हणावं, बसा,” मावशी म्हणाली.

ते बसले. आणखी सहा वर्षं बसले.

तेवढ्यात तोमेरचं लग्न झालं. तोमेर तिचा थोरला. इथे लग्नाची एक रीत आहे, ती तुम्हाला ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही. पाहुणे भेट आणत नाहीत, पाकिटात चेक आणतात, आणि आपल्या जेवणाच्या थाळीचे पैसे निघतील एवढा तरी आकडा घालतात. म्हणून लोक बिनधास्त मोठा हॉल घेतात. पाकिटं उघडली की हॉलचं बिल भागतं. सगळ्या देशाचं भागतं. आमचं भागत नाही. कारण आमची माणसं पन्नास वर्षं इथे राहिली तरी लग्नाला मुंबईच्याच हिशेबाने जातात. सात माणसांचं एक कुटुंब, एक पाकीट, आत एक्कावन्न शेकेल. वरचा एक शेकेल हरवू नये म्हणून पाकिटाच्या आतून टेपने चिकटवलेला. तोमेरच्या लग्नाला चारशे तीस माणसं जेवली. मिळाले चार प्रेशर कुकर, अकरा भिंतीवरची घड्याळं आणि टेपवाली पाकिटं. हॉलचं बिल मावशी आणि काका साडेतीन वर्षं फेडत होते. त्या पैशासाठी गिरणीत दुसरी पाळी, आणि काकांना नगरपालिकेचं काम सुटल्यावर लोकांच्या बागा. केरेनला मात्र तिने हात लावला नाही.

मग आलं नव्व्याण्णव साल. पुन्हा दाराखालून एक कागद आला. तो मावशीला वाचता आला. सरकारी घरात राहणाऱ्यांना घर विकत घेता येईल, जितकी वर्षं राहिलात तितकी सूट मोठी. अर्ज आणि पैसे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. मावशीने कागद टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. सूट धरून जो आकडा येत होता तो केरेनच्या पैशात जेमतेम बसत होता.

त्याच आठवड्यात लिराझ आणि कोबी अश्दोदला जाऊन हॉल बघून आले.

लिराझ माझी मावसबहीण, मावशीची धाकटी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि मला अतिशय आवडणारी. रागावली की अर्धं वाक्य मराठीत सुरू करते आणि हिब्रूत संपवते, आणि दोन्हीकडे तिचंच बरोबर असतं. कोबी चांगला मुलगा, बंदरावर क्रेन चालवतो, सासूसमोर फक्त मान हलवतो. हॉलमध्ये म्हणे खोटा धबधबा होता, आणि नवरी आली की जमिनीतून धूर निघायचा. दुसऱ्या खेपेला मावशीला घेऊन गेले, मीही शेपटासारखी गेले. हॉलच्या मालकाच्या गळ्यात जाड चेन, आणि तो कुणालाही मोतेक म्हणायचा, म्हणजे आपलं लाडके. “मोतेक, लग्न स्वतःचे पैसे स्वतः फेडतं! पाकिटं, मोतेक! मी तीस वर्षं बघतोय!”

“तुम्ही आमची माणसं बघितलीत?” मावशीने विचारलं.

“माणसं सगळी सारखी, मोतेक!”

“नाही हो,” मावशी त्याला समजावत म्हणाली, जणू त्याचाच तोटा होणार होता. “आमची आपल्या घरचा कुकर पण घेऊन येतील.”

मला हसू आवरेना. लिराझने माझ्या पायावर पाय दिला.

भांडण घरी आल्यावर झालं, स्वयंपाकघरात. मावशी कोथिंबीर निवडत होती. लिराझ उभी होती, कोबी दारात, काका खुर्चीत, मी फ्रिजला टेकून.

“एक संध्याकाळ, आई! आयुष्यात एकदा!”

“एका संध्याकाळीपायी घर जाईल गो.”

“कुठे जातंय घर? तीस वर्षं राहतोयच ना आपण! भाडं तरी केवढंसं! कुणी काढणारे का तुला?” लिराझने ओल आलेल्या भिंतीवर थाप मारली. तिथला रंग सुटून पडला. “हे घ्यायचंय तुला? हे?”

“हेच.”

“तोमेरला धबधबा, आणि मला सिनेगॉगचं अंगण?”

“तोमेरला धबधबा नव्हता,” काका हळूच म्हणाले. “कारंजं होतं.”

“बाबा!”

मावशीने कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला केल्या. “त्याच्या वेळी चुकलो आपण. तुझ्या वेळी तीच चूक करू? आधी ऐकून तर घे. हे घर आपलं झालं तर उद्या तुम्हाला घर घेताना बँक आपल्याला दारात उभं करेल. आज आपल्याकडे दाखवायला काय आहे? अकरा घड्याळं?”

“मला नकोय तुझी बँक! मला लग्न हवंय! सगळ्यांना असतं तसं!” आणि मग लिराझ ते बोलली जे बोलायला नको होतं. “तुला भिंत मुलीपेक्षा लाडकी आहे.”

कोबीने मान हलवायची थांबवली. मावशीने निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती सही करायला गेली. काका कामावर होते, लिराझ येणार नव्हती, म्हणून मी गेले. कारकून तरुण होता आणि त्याला जेवायला जायचं होतं. मावशीने प्रत्येक पान उजेडाकडे धरून, बोट फिरवत वाचलं. तो घड्याळ बघे, खोकला काढी, पेन वाजवी. शेवटच्या पानाशी ती थांबली.

“हे मी मरेपर्यंत, की पुढेसुद्धा?”

“पुढेसुद्धा, गिवेरेत. मुलांना जातं.”

“आणि मुलांच्या मुलांना?”

“त्यांनाही.” त्याने पेन वाजवायचं बंद केलं. “जोपर्यंत तुम्ही विकत नाही तोपर्यंत तुमचंच.”

तिने सही केली. मग त्याच्याकडे पाणी मागितलं, पेला हातात घेतला आणि न पिता तसाच धरून बसली. तो जेवायला गेला नाही, आम्ही उठेपर्यंत बसून राहिला.

घर झालं तर मलिदा करीन असा तिचा एलियाहू हन्नबीला, आमच्या संदेष्ट्याला, नवस होता. संध्याकाळी पोहे भिजवले, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. दहा माणसं जमवून प्रार्थना झाली. लिराझ आपल्या खोलीतून बाहेर आली नाही. मावशीने तिच्या वाट्याची ताटली दाराबाहेर ठेवली, वर दुसरी ताटली उपडी घालून. सकाळी ताटली स्वयंपाकघरात होती, धुऊन, पुसून.

लग्न सप्टेंबरात झालं, अंगणातच. मावशीने आणि माझ्या आईने मिळून नारळाच्या दुधातलं मटण केलं, मेनाशेकाकांनी नगरपालिकेच्या परवानगीने आणलेल्या कुंड्या हुप्प्याच्या, म्हणजे नवरा-नवरीवरच्या मांडवाच्या भोवती लावल्या. लिराझचा झगा भाड्याचा होता आणि मागच्या जाळीला वीतभर फाटलेला. आदल्या दिवशी मावशी तो मांडीवर घेऊन बसली. लग्नाच्या दिवशी लिराझ आरशासमोर मान वळवून वळवून फाटलेली जागा शोधत होती. तिला सापडली नाही. तिने आरशातून आईकडे बघितलं, आईने तिच्याकडे. मला वाटलं आता दोघी बोलतील. तेवढ्यात कुणीतरी कुकर घेऊन आलं.

आणि त्यानंतर अबोला. लिराझ-कोबी अश्दोदला भाड्याने राहायला गेले. ती रोज फोन करायची. मावशीने उचलला की म्हणायची, “बाबा आहेत?” मावशी म्हणायची, “आहेत,” आणि काकांना रिसीव्हर द्यायची. सात महिने. मी हे करून दाखवते तेव्हा सगळे हसतात, पण मावशीसमोर हे मी कधीच करून दाखवत नाही. फोन चालू असेपर्यंत ती तिथेच काहीतरी पुसत उभी राहायची, आणि काकांनी ठेवल्यावर विचारायची, “जेवते का नीट?”

पुढे आमच्या गावाबाहेरच्या नव्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात इंजिनियर येऊ लागले, घरांचे भाव चढले, आणि उझीने आपली बातमी दुरुस्त केली: “एक, लोट्टो नव्हे. दोन, तिला कारखान्याची आतली खबर होती.” मावशीला कसली खबर? गिरणी बंद पडणार अशी खबर तेवढी होती, आणि पुढच्या वर्षी ती अर्धी बंद पडलीच. मावशीला पन्नाशीत घरी बसवलं. पण घरी बसायला तिला घर होतं.

अबोल्याच्या सातव्या महिन्यातली, पेसाहच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. या सणाला घरात पावाचा कणही राहता कामा नये, म्हणून कपाटं, फ्रिज, खिडक्या, सगळं उपसून धुतात. मावशी फ्रिजपुढे बसली होती.

“लिराझ येईल बघ साफसफाईला,” ती म्हणाली.

“नाही येणार, मावशी. फोनवर बोलत नाही ती.”

“फोनवर नाही बोलत. म्हणून यावं लागेल तिला.”

“लाव पैज.”

“लाव. तू हरलीस तर या घरच्या सगळ्या खिडक्या तुझ्या. मी हरले तर माझी नक्कल माझ्या तोंडावर कर, मी हसेन.”

हे एवढं मोठं बक्षीस होतं की मी लगेच हात पुढे केला. खरं सांगायचं तर हरावं असंही वाटत होतं.

मंगळवारी दुपारी लिराझ आली. ऑफिसच्या कपड्यांत, उंच टाचांचे बूट, हातात प्लास्टिकची फाइल. बादली नाही, फडकं नाही. मी मावशीच्या कानात म्हटलं, “ही सफाईला आलेली नाही. मी जिंकले.” मावशीने मला कोपराने ढकललं.

लिराझ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “बाबा आहेत?”

“आहेत.”

काका बाहेर आले. तिने सगळं काकांना सांगितलं, तोंड काकांकडे, आवाज आईकडे. घरमालक त्यांचा फ्लॅट विकतोय. त्यांनाच घ्या म्हणतोय. कोबीची केरेन सुटलीय, पण कोबीला गाडी घ्यायचीय. बंदरावर सगळ्यांनी घेतली. बँकेतला माणूस विचारतो, तुमच्या मागे कोण आहे, घर आहे का कुणाचं? “मी बोलायला लागले की तो मला मोतेक म्हणतो,” लिराझ म्हणाली. “आईला सांगा ना, माझ्याबरोबर चल.”

“आई इथेच आहे,” काका म्हणाले. मग त्यांच्याने राहवलं नाही. “आणि ते भाडंही सांग तिला, पर्ल.”

“गप्प बसा हो.”

“कसलं भाडं?” लिराझने विचारलं. पहिल्यांदाच आईला विचारलं.

“घर आपलं झालं तरी ती दर महिन्याच्या एक तारखेला भाडं भरते,” काका म्हणाले. “तेवढंच्या तेवढं. मी म्हटलं, कुणाला भरतेस? तर लिराझ, तुझ्या नावाचं बँकेत पुस्तक काढलंय तिने. गिरणीने घरी बसवलं तरी चुकली नाही.”

मावशीने फ्रिजमध्ये डोकं घातलं. “फार नाहीये ते,” ती आतून म्हणाली. “सात महिन्यांचं काय होतंय. कोबीला सांग, गाडी पुढच्या सहा वर्षांनी घे. उद्या नऊला बँक उघडते. मी त्या माणसाला बरोबर बसवते.”

लिराझने फाइल टेबलावर ठेवली. उंच टाचांचे बूट काढले. आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या हातातलं फडकं घेतलं. “हे असं कुणी पुसतं का, आई? रबराच्या घडीत बघ केवढे तुकडे राहिलेत.”

“मला चष्म्यातून खालचं दिसत नाही आता.”

“मग सांगायचं नाही का मला?”

“फोनवर?” मावशीने विचारलं.

लिराझ रबराची घडी पुसत राहिली आणि मावशी तिच्या केसांत अडकलेला पावाचा कण काढत राहिली. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीतून कुठल्यातरी झाडाकडे फार लक्ष देऊन बघत होते.

मग मावशी माझ्याकडे वळली. “फडकं घेतलं का नाही हिने हातात?”

“घेतलं,” मी म्हटलं.

“सफाई चाललीय का नाही?”

“चाललीय.”

“शिडी बाल्कनीत आहे.”

खिडक्या सात. प्रत्येकीला प्लास्टिकच्या पट्ट्यांची झडप, आणि प्रत्येक पट्टीवर नेगेवच्या वाळवंटाचा एकेक थर. दोन दिवस मी शिडीवर होते. स्वयंपाकघरात दोघी बँकेला काय बोलायचं याची तालीम करत होत्या, मावशी नाकातून बोलून बँकवाला होत होती, आणि तिचा बँकवाला माझ्यापेक्षा चांगला होता. दुसऱ्या दिवशी सातवी खिडकी पुसून मी खाली उतरले, तर स्वयंपाकघरातून लिराझचं डोकं बाहेर आलं.

“आई,” ती आत ओरडली, “हिला कुणी सांगितलं नाही का, बाहेरूनपण पुसायच्या असतात?”